कडेचा समुद्र

गाडी शिकवणाऱ्या बाईंना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गडबडला की तो दाबायचा. पण बाई तो सहसा दाबत नसत. समोरून ट्रक येतोय, शिकाऊचे पाय पेडल चाचपतायत, आणि बाई थंडपणे म्हणतायत, "घाई नाही. डावीकडे घ्या. अजून थोडं. हं, आता श्वास घ्या." माणसाला स्वतःची चूक स्वतः निस्तरू द्यावी, असं त्यांचं मत. मात्र एकदा त्यांनी ब्रेक दाबलाच, तर गाडी जागच्या जागी खिळायची आणि शिकाऊचं नाक काचेला लागता लागता राहायचं. नाव पडलं ते तेव्हापासून.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कोणी खोदून विचारलंच तर म्हणत, "दिवसभर दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन बसते. घरी तरी नको." त्या आईबरोबर वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. वडील जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर थोरल्या भावाचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या वर त्याचं घर. भावाला त्या दादा म्हणत, आणि हळूहळू सगळा रस्ताच त्याला दादा म्हणू लागला.

दादाचा हात फोटो काढण्यापेक्षा फोटो सुधारण्यात जास्त चाले. मिटलेले डोळे तो उघडायचा, पडलेला दात बसवायचा. एका गृहस्थांना आयुष्यभर कोट घालायला मिळाला नव्हता. तो दादाने त्यांना भिंतीवरच्या फोटोत चढवला, तेव्हा त्यांच्या बायकोने दुकानातच डोळ्याला पदर लावला. "लोकांना आरसा नको असतो गं," दादा म्हणायचा, "आरसा घरी असतोच."

दुर्बीण त्यानेच आणली. बंद पडलेल्या एका शाळेचं सामान निघालं होतं, त्यात ती होती. दादाचा विचार तिला दुकानाच्या काचेत शोभेला ठेवायचा होता. पण संध्याकाळी सहज म्हणून त्याने ती बहिणीच्या गच्चीवर नेली, चंद्राकडे वळवली आणि म्हणाला, "बघ, काय दिसतंय."

बाईंनी डोळा लावला आणि त्यांच्या तोंडून "अगं आई गं!" एवढंच निघालं. खाली आईला वाटलं, पोरगी पडली.

त्या दिवसापासून बाई चंद्राच्या नादी लागल्या. आधी नुसतं बघणं, मग दादाचा कॅमेरा दुर्बिणीला लावून फोटो. पण दुर्बिणीतून कॅमेऱ्यात चंद्राचा एवढासाच भाग मावायचा. अख्खा चंद्र बारकाव्यांसकट हवा असेल तर तुकड्यातुकड्यांनी टिपायचा आणि नंतर जोडायचा. आणि तुकडे टिपायचे तर आधी बेत हवा. कारण चंद्र एका जागी थांबत नाही, त्याच्यावरच्या सावल्या सरकत राहतात, आणि खालची हवा उकळत्या पाण्यासारखी हलत असते.

शिकवणीच्या कचेरीत एक जुना लॅपटॉप होता. परवान्याच्या परीक्षेचे सराव-प्रश्न त्यावर सोडवून घेतले जात. बाईंनी त्यावर आकाश दाखवणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. आपली जागा सांगायची, तारीख आणि वेळ सांगायची, की ते त्या क्षणाचा चंद्र पडद्यावर उभा करी: किती उजळ, किती वर, कुठे कलंडलेला. दुर्बिणीची आणि कॅमेऱ्याची मापं भरली की चंद्रावर चौकोन आखून देई; एक चौकोन म्हणजे एक तुकडा. शेजारचे चौकोन एकमेकांवर थोडे चढलेले हवेत, नाहीतर जोडताना मध्ये फट राहते.

पहिल्या खेपेला ती राहिलीच. आखलेले चौकोन सरळ होते आणि कॅमेरा दुर्बिणीला तिरका लागला होता. जोडलेला चंद्र बघून आई म्हणाली, "कवळी नीट बसली नाहीये याची." दुसऱ्या खेपेला चंद्र अर्ध्यावरच शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे गेला. मग बाईंनी टाकीचीही उंची मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरली. त्यानंतर तीन महिने, चंद्र अर्धा उजळलेला आणि सूर्य मावळताना डोक्यावर असा दिवस आला, की नेमके ढग यायचे. बाई शिकाऊंना वळण शिकवता शिकवता काचेतून आभाळाकडे बघायच्या. एकदा एका शिकाऊने घाबरून विचारलं, "मॅडम, वरून काही पडणार आहे का?"

शेवटी एक संध्याकाळ लाभली. हवा स्तब्ध, आभाळ धुतल्यासारखं. बाई खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, दादा दुर्बिणीशी. त्या चौकोन सांगत, "दुसरी ओळ, तिसरा." दादा चाकं फिरवून तेवढा भाग पकडी, कॅमेऱ्याचं बटण दाबी, थोडं थांबे आणि म्हणे, "झालं." मग पुढचा. मध्ये दादाचा फोन वाजला, तो कोणाशी तरी दोन शब्द बोलला, पण हात थांबला नाही. शेवटचा चौकोन झाला तेव्हा टाकी अजून दूर होती. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि चाळिशी उलटलेल्या त्या बाईने गच्चीवर एक गिरकी घेतली. दादाने मान डोलावली. "आता माझ्यावर सोड. जोडून देतो."

दहा-बारा दिवसांनी त्याने चित्र आणलं. बाईंनी ते उजेडात धरलं. खड्डे, डोंगर, डोंगरांच्या सुईसारख्या सावल्या. कुठे सांधा दिसत नव्हता. त्यांनी नकाशा उघडून एकेक नाव लावायला सुरुवात केली. उजळ कडेला अगदी टोकाशी एक पुसट काळा डाग होता; चंद्रावरच्या अशा काळ्या सपाट मैदानांना नकाशात समुद्र म्हणतात. त्यांनी नकाशात बघितलं आणि टुणकन उठल्या. "दादा, हा कडेचा समुद्र! हा नेहमी दिसत नाही म्हणतात, नशीब असेल तरच. आपल्याला मिळाला की रे!"

"बघ," दादा म्हणाला. "नशीब आहे तुझं."

चित्र दाराएवढं मोठं छापून वाचनालयाच्या दालनात लागलं. खाली दोघांची नावं; बाईंचं आधी, दादाचं नंतर, आणि ते तसं दादानेच करायला लावलं होतं. गावच्या वर्तमानपत्रात फोटो आला. दादाच्या दुकानात लोक जास्त येऊ लागले, "चंद्र काढणारे ते हेच" म्हणून. वाचनालयाने बाईंना बोलायला बोलावलं. जन्मात माइक धरला नव्हता. तो तोंडापासून एवढा लांब धरला की पहिली दोन वाक्यं कोणाला ऐकूच आली नाहीत. मग त्यांनी स्वतःला सांगितलं, घाई नाही, श्वास घ्या, आणि बोलत गेल्या. बेत कसा आखला, टाकी कशी आडवी आली, ढगांनी कसा छळ मांडला. शेवटी म्हणाल्या, "या चित्रात दिसतोय तो प्रत्येक खड्डा आम्ही दोघांनी आमच्या गच्चीवरून पाहिलाय. यातला कण न् कण आमचा आहे."

पहिल्या रांगेत बसलेल्या दादाने टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनी.

नंतर चहाच्या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चित्राच्या कडेवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

"कडेचा समुद्र. चंद्र थोडासा डुलतो, आजोबा. कधी ही कड आपल्याकडे वळते, कधी ती. वळली तर हा दिसतो, नाही तर पलीकडे लपतो."

"मग पुन्हा कधी दिसेल?"

"बघून सांगते," बाई म्हणाल्या.

दिलेला शब्द म्हणून दोन दिवसांनी दुपारी, दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात, त्यांनी कचेरीत लॅपटॉप उघडला. बाहेर शिकवणीची गाडी उन्हात तापत होती. त्या एकेक तारीख पुढे सरकवत गेल्या. चंद्र पडद्यावर डुलत राहिला आणि पुढच्या महिन्यातल्या एका संध्याकाळी ती कड छान वळलेली दिसली. तारीख मिळाली. आपल्या दिवशी ती केवढी वळली होती, बघावं तरी, म्हणून त्यांनी गच्चीवरची ती संध्याकाळ भरली.

पडद्यावरच्या चंद्राची कड कोरी होती. समुद्र नव्हता. कड उलट बाजूला वळलेली होती. कडेच्या थोडं अलीकडे एक मोठा गोल काळा डाग असतो, नवख्यालाही ओळखू येतो असा. तो त्या संध्याकाळी काठाला दाबला जाऊन अंड्यासारखा चपटा झालेला दिसत होता. बाईंनी चित्र शेजारी उघडलं. चित्रात तोच डाग चांगला गरगरीत होता, आणि त्याच्यापलीकडे कडेचा समुद्र.

आधी त्यांना वाटलं, वेळ चुकीची भरली. पुन्हा भरली. जागा तपासली. मग वाटलं, सॉफ्टवेअरच बिघडलं असेल. दुसरं एक उतरवून त्यात बघितलं. तेही तेच सांगत होतं. तेवढ्यात शिकाऊ आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, निघायचं?" बाई म्हणाल्या, "आज नको." वीस वर्षांत त्यांनी शिकवणी अशी कधी टाळली नव्हती.

स्टुडिओत एक माणूस पासपोर्टचा फोटो काढून घेत होता. बाई बाकावर बसल्या. "हनुवटी थोडी खाली," दादा सांगत होता, "हसू नका, पण रागावूही नका." माणूस गेला.

"दादा, मला कडेचा तो चौकोन बघायचाय. मूळचा, तू गच्चीवर घेतलेला."

"आत्ता? कुठेतरी असेल गं. शोधावा लागेल."

"शोध. मी बसलेय."

तो संगणकापुढे बसला. इकडे क्लिक, तिकडे क्लिक. बाई त्याच्या पाठीकडे बघत होत्या. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बहुतेक पुसला गेला."

"बाकीचे आहेत?"

"बाकीचे आहेत."

"मग तो तुकडा कुठून आणलास?"

दादाने माऊसवरचा हात काढला. रस्त्यावरून कोणीतरी त्याला हाक मारून गेलं, त्याने हात वर केला नाही.

"फोन आला होता ना तेव्हा," तो म्हणाला. "मला वाटलं बटण दाबलंय. मी आपलं झालं म्हणून टाकलं, तू पुढचा चौकोन सांगितलास. जोडायला बसलो तेव्हा कळलं, तिथे काहीच नाही."

"त्याच दिवशी का नाही सांगितलंस? पुढच्या महिन्यात परत काढला असता."

"परत ढग आले असते तर? तीन महिने तू कशी झाली होतीस, मी बघितलंय. तुझा चेहरा बघवला नसता मला."

"कोणाचा आहे तो?"

"नेटवर होता. नाव नाही बघितलं. अगं, एवढासा तुकडा! थोडा ओढला, थोडा ताणला, रंग जुळवला. मी सांगतो, जगात कोणाला कळलं नसतं."

"मला कळलं."

"तुला कळलं," दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. तेच बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

"कडेचा समुद्र बघून मी टुणकन उठले होते. तू समोर उभा होतास. नशीब आहे म्हणालास."

दादा टेबलावरच्या वायरी सरळ करू लागला.

"आणि वाचनालयात? कण न् कण आमचा, असं मी सगळ्यांपुढे म्हटलं. टाळ्या कोणी सुरू केल्या?"

"मग काय करायला हवं होतं? तिथे उठून सांगायला हवं होतं?"

"त्याच्या आधी सांगायचं होतं. मला एकटीला, गच्चीवर. मी चिडले असते, रडले असते, दोन दिवस बोलले नसते. संपलं असतं."

"मी तुझ्यासाठी केलं गं सगळं. नावसुद्धा तुझं पुढे टाकलं."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "खोट्याच्या पुढे माझं नाव टाकलंस." आणि त्या उठल्या.

रस्ता ओलांडताना त्या दोन्हीकडे बघायलाही विसरल्या. एखाद्या परक्याने फसवलं असतं तर त्यांनी त्याला रस्त्यावर उभं करून सुनावलं असतं. पण ज्याने सायकलच्या मागे धावून धावून तोल शिकवला, ज्याच्या "झालं" म्हणण्यावर डोळे मिटून पुढचा चौकोन सांगितला, त्याला काय सुनावणार? दादाने त्यांना बरोबरीचं मानलंच नव्हतं. रुसलेल्या पोरीला खाऊ देऊन गप्प करावं, तसा चंद्र देऊन गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात गेल्या आणि चित्र उतरवा म्हणाल्या. ग्रंथपाल बाईंनी चष्मा केसांत सरकवला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, चंद्राचाच तुकडा आहे ना? सूर्याचा तर नाही चिकटवला? राहू द्या की."

"दुसऱ्या कोणाचा तरी आहे. आणि मी तो माझा म्हणून सांगितलाय."

चित्र उतरलं. बाईंनी वर्तमानपत्रालाही कळवलं. बातमीदार आधी हसला; चंद्राबद्दलची दिलगिरी कुठल्या पानावर टाकू, म्हणाला. मग त्याने चार ओळी छापल्या, पण वर मथळा दिला, 'चंद्राच्या फोटोत भेसळ'. एवढं बाईंना नको होतं. पण झालं ते झालं. दादाच्या दुकानात येणारे टारगट म्हणू लागले, "दादा, नाक माझंच ठेवा हं." काहींनी यायचंच सोडलं.

वहिनी घरी आल्या त्या बसल्याही नाहीत. "घरातली गोष्ट घरात मिटवायची होती तुम्ही."

"वहिनी, विचारायला मी घरातच आले होते. भाषण बाहेर झालं होतं."

"ते रात्रभर तळमळतात."

"मीही," बाई म्हणाल्या. वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि मग जिना उतरल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दुकानात ठेवलेली दुर्बिणीची नळी जाजमात गुंडाळून पाठवून दिली. तिचा स्टँड बाईंकडेच होता.

दादा बहिणीशी महिनाभर धड बोलला नाही. मग एकदा एवढंच म्हणाला, "गावात माझी लाज काढलीस." त्याच्या लेखी दगा बाईंनीच दिला होता. बाईंनी वाद घातला नाही. आपण जिंकलो असं त्यांना क्षणभरही वाटलं नव्हतं.

उलट एक नवीनच किडा डोक्यात शिरला होता. घरात भिंतीवर वडिलांचा शेवटचा फोटो होता, जाण्याच्या आठवडाभर आधीचा, दादाने काढलेला. त्यात वडील हसत होते. शेवटच्या दिवसांत त्यांना फार दुखत होतं, पण त्या फोटोकडे बघून बाईंना नेहमी वाटायचं, एक क्षण तरी बरा गेला असेल त्यांचा. त्या हसण्यावर त्यांनी इतकी वर्षं काढली होती. आता त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या की ओठांचे कोपरे बघत राहत. कोपरे जरा जास्तच वर होते का? दादाला विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. आणि त्याने काहीही सांगितलं असतं, तरी त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

"काय बघतेस एवढं?" आई विचारायची.

"काही नाही. धूळ बसलीये काचेवर."

चंद्र मात्र त्यांनी सोडला नाही. एक साधा कॅमेरा घेतला, लॅपटॉपलाच जोडता येईल असा, आणि संध्याकाळी एकट्या गच्चीवर जाऊ लागल्या. स्वतःच चौकोन बघायचा, स्वतःच उठून दुर्बीण वळवायची, पुन्हा खुर्चीवर येऊन तुकडा खरंच आलाय का ते पडद्यावर तपासायचं. दोघांनी तासाभरात झालं असतं ते अर्धंही होत नसे. म्हणून त्यांनी बेत बदलला. अख्ख्या चंद्राचा हव्यास सोडून एका संध्याकाळी एकच पट्टा, सावलीच्या रेषेजवळचा. आजोबांना सांगितलेल्या तारखेला कडेचा समुद्रही टिपला. तो काही विशेष आला नाही, हवा हलत होती. त्यांनी तो आजोबांना नेऊन दाखवला. आजोबा म्हणाले, "वाचनालयातला जास्त छान होता." बाई म्हणाल्या, "हो, छान होता."

दर सुट्टीच्या दिवशी दादा आणि वहिनी आईकडे जेवायला यायचे, ते थांबलं नाही. आईला सगळं कळलं होतं की थोडं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्र ती वाचत नसे. जेवताना दादा गाड्यांबद्दल विचारी, बाई दुकानाबद्दल. मीठ सरकवलं जाई. चंद्राचं नाव कोणी काढत नसे.

एका दुपारी आईच म्हणाली, "काय रे, तुम्ही दोघं हल्ली गच्चीवर जात नाही का?"

"ढग असतात गं आई," दादा चटकन म्हणाला. किती सहज म्हणाला. वहिनींनी ताटात बघितलं.

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "ढग नसतात, आई. मी जाते. एकटी जाते."

आईने आधी लेकीकडे पाहिलं, मग लेकाकडे. दादा पाणी आणायला म्हणून उठला आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून आला नाही.